शाल-श्रीफळ नंतर द्या, आधी त्यांना जिल्ह्याच्या शिक्षकांत मोजा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : समावेशित शिक्षणातल्या विशेष शिक्षकांना जिल्हा शिक्षक पुरस्कारातून वगळल्याबाबत

महोदय,

यंदा 5 सप्टेंबरला जिल्हा शिक्षक पुरस्कार दिले गेले. प्रत्येक तालुक्यातून एक नाव, त्याखाली फोटो, शाळेचं नाव. ज्यांना पुरस्कार मिळाले त्यांच्यातले काही शिक्षक मला चांगले ठाऊक आहेत आणि त्यांनी तो कष्टानं कमावला आहे. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीपर्यंत पोचूच न दिलेल्या एका नावाबद्दल, आणि त्या नावामागे उभ्या असलेल्या सगळ्यांबद्दल.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीनं रीतसर ठराव करून आमच्या तालुक्यातल्या दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या एका विशेष शिक्षिकेचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पाठवला होता. सोबत मुख्याध्यापकांची शिफारस होती, तीन गावांतल्या पालकांच्या सह्या होत्या. प्रस्ताव परत आला. या बाई समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या कंत्राटी कर्मचारी आहेत, जिल्हा परिषदेच्या आस्थापनेवर नाहीत, त्यामुळे त्या पुरस्काराला पात्र नाहीत, असा त्यावर शेरा होता. म्हणजे कामाकडे कुणी पाहिलंच नाही. पहिल्याच पानावर, नेमणुकीच्या रकान्यात, विषय संपला.

ही गोष्ट मला गप्प राहून पचवता येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या एका मुलीची आई आहे. माझ्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. ती सहा वर्षांची झाली तेव्हा जो तो सांगायचा, शहरातल्या अंधशाळेत घाला, वसतिगृहाची सोय आहे. त्या शाळांनी कितीतरी पिढ्या उभ्या केल्या आहेत, हे मी मानते. पण तेवढ्याशा लेकराला डोळ्यांआड ठेवायला आमचं मन धजत नव्हतं. आणि गावच्या शाळेत तिला कोण शिकवणार, हे आम्हाला कळत नव्हतं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून या मॅडम आमच्या दारात आल्या त्या अशा वेळी. कुठल्या तरी सर्वेक्षणाच्या यादीत त्यांना आमचं नाव सापडलं होतं.

त्यांनी पहिले काही आठवडे अक्षर म्हणून काढलं नाही. परातीत ज्वारी, हरभरा आणि तूर एकत्र करून पोरीपुढे ठेवायच्या आणि निवडायला सांगायच्या. मग बटणं, मग खडबडीत आणि गुळगुळीत कागद. सासूबाई म्हणाल्या, ही कसली शाळा? मॅडमनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, की आजी, हिची बोटं हेच हिचे डोळे होणार आहेत, आधी बोटांना बघायला शिकू द्या. मग एक दिवस त्या अंड्यांच्या ट्रेचा तुकडा कापून घेऊन आल्या. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन खण. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. त्या खणांत चेंडू ठेवून त्यांनी तिला ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची सहा ठिपक्यांची लिपी, शिकवलं. 'आ' म्हणजे तीन, चार आणि पाच. 'ई' म्हणजे तीन आणि पाच. एक चेंडू काढला की 'आ'ची 'ई' होते. माझ्या मुलीनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द आमच्या ओसरीवर, अंड्यांच्या ट्रेमध्ये, स्वतःच्या हातानं चेंडू ठेवून तयार झाला होता.

पाटी आणि शलाका त्यानंतर आल्या. ब्रेल पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जावं लागतं आणि कागद उलटवला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येतं. हे मलाही शिकावं लागलं, कारण मॅडम पुढच्या फेरीला येईपर्यंत घरी सराव घेणारं कुणीतरी हवं होतं. गणितासाठी टेलर फ्रेम आली. त्यातल्या खाचेत खिळा कुठल्या कोनात बसवला यावर आकडा ठरतो. आज माझी मुलगी त्यावर अपूर्णांकांची गणितं करते.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते मॅडमनी वर्गात केलेलं काम. त्यांनी वर्गशिक्षकांना सांगितलं, फळ्यावर लिहिताना प्रत्येक आकडा तोंडानं म्हणा, 'हे यात मिळवा' असं म्हणू नका, कारण 'हे' तिला दिसत नाही. वर्गातल्या पोरांना सांगितलं, तिचा दंड धरून ओढू नका, तिला तुमचं कोपर धरू द्या. आमच्या शाळेतले सर आता सगळ्याच मुलांना शिकवताना मोठ्यानं बोलून फळ्यावर लिहितात, आणि मागच्या बाकावरच्या पोरांनाही त्याचा फायदा होतो, असं ते स्वतः सांगतात. एका शिक्षिकेनं एका मुलीपायी सगळ्या शाळेची शिकवायची पद्धत बदलली. पुरस्काराच्या कुठल्या निकषात हे काम बसतं, ते मला सांगा.

हे एका घरचं झालं. याच मॅडम आमच्या शेजारच्या वस्तीवर मेंदूच्या पक्षाघाताच्या एका मुलाकडे जातात. तो उठून बसू शकत नाही. 2012 साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा तीव्र व बहुदिव्यांग मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. पण तो हक्क दर आठवड्याला घरापर्यंत घेऊन जाणारं माणूस म्हणजे ही विशेष शिक्षिका. ती त्याच्या आईला शिकवते, की भरवताना मान कशी सावरायची, कडक झालेला हात झटक्यानं न ओढता हळूहळू कसा सोडवायचा, खुर्चीत बसवताना पाठीमागे काय लावायचं. चित्राकडे नजर वळवून तो 'पाणी' मागायला शिकला, ते मी स्वतः पाहिलं आहे. त्या आईला त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं, की तिचा मुलगा काही शिकू शकतो.

आणखी एका गावात एक कर्णबधिर मुलगा आहे. श्रवणयंत्र मिळालं म्हणजे प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. पण मूल वाढतं, कान वाढतो, कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं आणि मूल ते काढून खिशात ठेवतं. बॅटरी संपली तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही. हे ओळखणारं, साचा नव्यानं घ्यायला लावणारं, यंत्र पुन्हा कानात बसवून मुलाशी समोर बसून बोलणारं माणूसही हेच. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येणाऱ्या साधनांसाठी मोजमाप शिबिर असलं, की मुलांना तालुक्याच्या ठिकाणी जमवायचं, साधनं आली की वाटपाच्या दिवशी पुन्हा जमवायचं, खुर्ची मापाची नसेल तर परत पाठवायची. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला पालकांबरोबर जिल्हा रुग्णालयात रांगेत उभं राहायचं. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांची बँक खाती जुळवायची. दहावीच्या मुलांसाठी लेखनिक शोधायचा आणि वाढीव वेळेचा अर्ज वेळेत मंडळाकडे पोचवायचा.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार पुरस्काराच्या नियमाचीच. या शिक्षिका शिकवतात ती मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पटावर आहेत. त्यांच्या भेटींच्या नोंदीवर जिल्हा परिषदेचे मुख्याध्यापक सह्या करतात. त्यांच्या बैठका तुमचं कार्यालय घेतं, कामात कसूर झाली तर खुलासा तुमचं कार्यालय मागतं. खुलासा मागताना त्या तुमच्या असतात आणि गौरवाच्या वेळी प्रकल्पाच्या होतात. कुठल्याही पालकाला हे पटणार नाही. त्यात पुरस्काराचा अर्ज असा आहे, की त्या पात्र ठरल्या असत्या तरी मागे पडल्या असत्या. पटसंख्या किती वाढवली, शिष्यवृत्तीला किती मुलं बसवली, शाळेसाठी लोकवर्गणी किती गोळा केली, या प्रश्नांना गुण आहेत. ज्या मुलाला चमचा तोंडाशी नेता येत नव्हता आणि आता येतो, त्या शिक्षणाला रकानाच नाही. जो मुलगा शाळेत यायला घाबरायचा आणि आता प्रार्थनेला रांगेत उभा राहतो, त्यालाही नाही. विशेष शिक्षणात प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा असतो, आज काय येतं आणि सहा महिन्यांनी काय यायला हवं, हे त्यात लिहिलेलं असतं. काम मोजायचंच असेल तर ते कागद उघडून बघा. ते आधीच तयार आहेत.

दुसरी तक्रार माणसांच्या संख्येची. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यानं ते एकवीस केले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया आले. कायदा वाढला हे चांगलंच झालं. पण शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण बहुतेक वेळा एकाच क्षेत्रातलं असतं. कुणी श्रवणदोषाचं डी.एड. केलेलं, कुणी दृष्टिदोषाचं, कुणी बौद्धिक अक्षमतेचं. तालुक्यात अशी मोजकी माणसं आणि समोर एकवीस प्रकारची मुलं. आमच्या मॅडमचं शिक्षण दृष्टिदोषातलं आहे. मेंदूच्या पक्षाघाताबद्दल, वाचादोषाबद्दल त्या स्वतः वाचून, सहकाऱ्यांना विचारून, फिजिओथेरपिस्टच्या शेजारी उभं राहून शिकल्या. केंद्र सरकारनं 2022 मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सुधारणा करून स्पष्ट लिहिलं आहे, की पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण कुठे आहे? हा प्रश्न मी गट कार्यालयात विचारला तेव्हा उत्तर मिळालं नाही, म्हणून इथे विचारते.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागते. यातले कितीतरी जण सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून काम करत आहेत. अभियान जाऊन 2018 मध्ये समग्र शिक्षा आली, योजनेचं नाव बदललं, फलक बदलले, पण यांचा करार तसाच राहिला. मुदत संपली की खंड आणि पुन्हा नवा आदेश. डोक्याचे केस पांढरे झालेली माणसं दर वर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट बघत बसतात. सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात 2021 मध्ये विशेष शिक्षकांची पदं निर्माण करून ती नियमित भरण्याबाबत निर्देश दिले. मार्च 2025 मध्ये त्याच खटल्यात न्यायालयानं पुन्हा राज्यांना बजावलं, की मंजूर पदांची संख्या जाहीर करा आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करणाऱ्यांच्या पात्रतेची छाननी करायला समिती नेमा. आपल्या राज्यानं 2024 मध्येच शाळांच्या समूह केंद्रांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची 4860 पदं निर्माण करायचा निर्णय घेतला, हे मी आनंदानं नोंदवते. तो दिवस आमच्या मॅडमच्या घरी सणासारखा होता.

पण निर्णय आणि नेमणूक यांच्यामध्ये तुमच्या कार्यालयाची टेबलं आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांची पडताळणी झाली, किती जणांची कुठल्या कागदासाठी अडली, कोणत्या केंद्राला विशेष शिक्षक मिळाला आणि कोणतं केंद्र रिकामं आहे, याची यादी मला कुठेही वाचायला मिळालेली नाही. आमच्या मॅडमचं प्रकरण पडताळणीत आहे एवढंच त्यांना सांगितलं जातं. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. ती दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, त्यासाठी प्रशिक्षणं करून गुण जमवावे लागतात आणि त्याचा खर्च त्या स्वतःच्या मानधनातून करतात. एखाद्यानं आपली पात्रता इतक्या निष्ठेनं जपावी आणि कार्यालयानं ती तपासायला एवढा वेळ घ्यावा, हे बरोबर नाही.

चौथी, मानधनाची आणि प्रवासाची. मानधन उशिरा येतं आणि त्यामागे वरून निधी आला नाही हे कारण असतं. निधी उशिरा येतो हे खरं असेल. पण नियमित शिक्षकांचा पगार लांबला की जिल्हाभर चर्चा होते, संघटना निवेदनं देतात, वर्तमानपत्रांत बातमी येते. यांचं मानधन लांबलं तर ते कुणाला कळतही नाही. या मॅडम स्वतःच्या दुचाकीवर वाड्या-वस्त्यांवर फिरतात. पावसाळ्यात आमच्या ओढ्याला पाणी आलं, की त्या गाडी अलीकडे लावून पायी येतात, बॅगेत ब्रेल पाटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असते. पेट्रोल मात्र महिन्याच्या महिन्याला रोखीनं भरावं लागतं.

पाचवी तक्रार लहान वाटेल, पण मुलांचं नुकसान तिच्यामुळेच जास्त होतं. गट साधन केंद्रात माणसं कमी आहेत म्हणून यांना हातातलं काम सोडून बसवून ठेवलं जातं. ऑनलाइन माहिती भरा, यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदीच्या, त्रुटी काढा, कुणाच्या तरी प्रशिक्षणाची हजेरी घ्या. तो दिवस ज्या वस्तीच्या भेटीचा असतो, तिथलं मूल त्या आठवड्याला शिकत नाही. इतर मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असते. घरी शिकणाऱ्या मुलाची शाळा म्हणजे ती एकच भेट.

आणि शेवटची, ज्यांच्याबद्दल मी बोलले नाही तर कुणीच बोलणार नाही त्यांची. विशेष शिक्षण फक्त शिक्षक चालवत नाहीत. आठवड्यातून एकदा येऊन दिवसभर वाकून मुलांचे पाय हलवणारे फिजिओथेरपिस्ट आहेत. मुलाला उचलून स्वच्छतागृहात नेणाऱ्या, त्याचे कपडे बदलणाऱ्या मदतनीस बाया आहेत. दिव्यांग मुलांच्या निवासी शाळांत रात्री झटका आलेल्या मुलाजवळ जागत बसणारे काळजीवाहक आहेत. या शाळा तुमच्या शिक्षण विभागाकडे नाहीत, याची मला कल्पना आहे. राज्यात डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. पण जिल्हा एकच आहे आणि मुलं त्याच जिल्ह्याची आहेत. कोणता कर्मचारी कोणत्या विभागाचा, या वादात सन्मानाच्या वेळी तरी त्यांना अडकवू नका.

मला एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं. ही माणसं पुरस्कारासाठी काम करत नाहीत, सेवाभावानं करतात, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण सेवाभाव या शब्दाखाली मानधन, प्रवास, नेमणूक आणि नाव असं सगळंच झाकलं जातं. आमच्या मॅडम पदविका घेऊन, परीक्षा देऊन, नोंदणी करून शिकवायला आलेल्या शिक्षिका आहेत. दोन बोटांनी ठिपके वाचायला शिकवणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते आपल्या तालुक्यात फार थोड्या जणांना येतं. त्यांच्या मायेबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन, पण सन्मान मी त्यांच्या विद्येचा मागते आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

जिल्हा शिक्षक पुरस्काराच्या नियमात दुरुस्ती करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना शिकवणारा प्रत्येक विशेष शिक्षक, नेमणूक कोणत्याही प्रकारची असो, पुरस्काराला पात्र धरावा. दर वर्षी किमान एक पुरस्कार विशेष शिक्षणासाठी राखून ठेवावा. त्याचे निकष वेगळे असावेत आणि निवड समितीत विशेष शिक्षणातला एक जाणकार आणि दिव्यांग मुलाचा एक पालक असावा. निवड करण्याआधी समितीनं गृहाधारित शिक्षणाच्या निदान एका भेटीला शिक्षकाबरोबर प्रत्यक्ष जावं. कागदावर न दिसणारं बरंच काही तिथे दिसेल. मदतनीस, थेरपिस्ट आणि काळजीवाहक यांच्यासाठी दिव्यांग कल्याणाचं काम बघणाऱ्या कार्यालयाला सोबत घेऊन याच कार्यक्रमात गौरव व्हावा.

पुरस्काराचा खर्च जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातल्या दिव्यांगांच्या 5 टक्के निधीतून मात्र करू नये. तो पैसा मुलांचा आहे. त्यातून तालुक्याच्या संसाधन कक्षाला ब्रेल कागद, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, थेरपीच्या गाद्या घ्याव्यात. आमच्या संसाधन कक्षाच्या खोलीत गेल्या वर्षी निवडणुकीचं सामान ठेवलं होतं. ती खोली मुलांसाठी मोकळी राहील असा लेखी आदेश काढावा.

जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्राची यादी जाहीर करावी. त्यात दिव्यांग मुलांची संख्या, मंजूर विशेष शिक्षक, प्रत्यक्ष काम करणारे आणि रिक्त पदं एवढे चार आकडे असले तरी पुरेत. ज्यांची पडताळणी थांबली आहे त्यांना कोणता कागद कमी आहे हे लेखी कळवावं आणि निर्णयाची तारीख सांगावी. मानधन आणि प्रवास खर्च कोणत्या तारखेला जमा होणार, हे ठरवून द्यावं, आणि राज्याकडून निधी लांबला तर तोवर जिल्हा परिषदेनं स्वतःच्या निधीतून उचल देता येते का ते तपासून उत्तर द्यावं. विशेष शिक्षकांना ठरलेल्या भेटीच्या दिवशी दुसरं काम देऊ नये.

आणि आमचा परत आलेला प्रस्ताव पुन्हा विचारात घ्यावा. यंदाचे पुरस्कार झाले हे मला ठाऊक आहे. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आहे. दर वर्षी त्या दिवशी तालुक्यातालुक्यांत मुलांचे कार्यक्रम होतात, आणि मुलांना आणणं, त्यांना रंगमंचावर चढवणं, वेळेवर खाऊ देणं, परत घरी पोचवणं हे सगळं विशेष शिक्षकच करतात. यंदा त्या दिवसाआधी वरच्या नियमाचा निर्णय व्हावा आणि त्याच कार्यक्रमात, मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर, तो वाचून दाखवावा.

हे पत्र मी पालकांच्या सह्यांसह तुमच्या कार्यालयात आवक विभागात दिलं आहे आणि पोच घेतली आहे. जिल्ह्यातल्या ज्या पालकांना, शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना हे पटतं, त्यांनी आपापल्या शाळेत ठराव करून तो गट शिक्षण कार्यालयात द्यावा, अशी माझी विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ठराव करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. नमुना हवा असेल तर आमच्या समितीचा ठराव आम्ही देऊ.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली नम्र,
एका विद्यार्थिनीची आई
आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य